रक्त पातळ झालेल्या पोरीसाठी मेथी

मंडळी, कुलूप न लावता माणूस कसा कोंडतात, ते आज बेळगावातल्या एका वॉर्डात बघून आलो.

माझी भाची सई जन्मली तीच हृदयात दोष घेऊन. ऑपरेशन करून धातूची झडप बसवली. त्या झडपेवर रक्ताची गाठ धरू नये म्हणून रोज रक्त पातळ ठेवायची गोळी असते.

हे 'पातळ' तिच्या खानापूरच्या आत्याला, म्हणजे आक्कांना, झोंबलं. "पोरीचं रक्त पातळ झालंय आणि तुम्ही बघत बसलाय व्हय?" मग मुक्काम ठोकून दोन्ही वेळेला मेथी, राजगिरा, शेवग्याचा पाला.

आज तपासणीत रक्त भलतंच घट्ट निघालं. डॉक्टर म्हणाले, पालेभाजी वाईट नाही, पण एकदम एवढी वाढवली की गोळीचा जोर उतरतो. गाठ होऊन झडप अडकली तर जिवावर बेतेल. पोरीला लगेच दाखल केलं, इंजेक्शनं सुरू झाली.

दुपारी आक्का डबा घेऊन हजर. डब्यात मेथी!

"आक्का, डॉक्टर नको म्हणालेत," मी म्हटलं.

"पाव्हणं, त्यो डॉक्टर जन्मायच्या आधीपासनं मेथी हाय. खा गं बाळ."

सईनं आईकडं बघितलं. माझी बहीण नणंदेपुढं कधी बोललीय? ती भिंतीकडं बघत राहिली. पोरीनं मुकाट्यानं तोंड उघडलं.

मी डबा ओढला आणि सगळी मेथी स्वतःच संपवली.

आक्का हरखल्या. "एवढी आवडती व्हय? उद्या दोघांची आणते."

उद्या काय करू, सांगा कुणीतरी.