आधी शब्द, मग वाढप

आठवीच्या सहामाहीत मी चार भाषांत नापास झाले. मराठी, हिंदी, इंग्रजी आणि संस्कृत. गणितात पास, भूगोलात पास, शिवणात तर शाबासकी. पण भाषा म्हटली की चारी मुंड्या चीत. त्या काळी इंग्रजी आणि संस्कृत आठवीतच सुरू व्हायचं. म्हणजे त्या दोघी बिचाऱ्या नुकत्या घरात आलेल्या पाहुण्या, आणि मी त्यांचंही वाटोळं करून ठेवलं होतं. नाम, सर्वनाम, विशेषण, क्रियापद... फळ्यावर बाई एकेकाला उभं करायच्या आणि मला विचारायच्या, ओळखलंस का? मला वाटायचं, मी का म्हणून ओळखू? माझी कधी गाठ पडली होती त्यांच्याशी?

आम्ही लालबागला राहायचो. वडील गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, कामाला. आणि आई त्याच एका खोलीत खाणावळ चालवायची. बावीस मेंबर. खाणावळीत जेवणाऱ्याला मेंबरच म्हणत, कुठल्या क्लबातलं असल्यासारखं. सगळे गिरणीतलेच, बायकामुलं गावाला ठेवून आलेले. संध्याकाळी अकरा-अकराच्या दोन पंगती. पहिली खोलीत जेवत असायची तेव्हा दुसरी बाहेर गॅलरीत बसून टोप किती खाली गेला याचा अंदाज घ्यायची.

आईला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण तांबडा रंग कळत होता. प्रगतिपुस्तक तिनं उलटसुलट करून पाहिलं.

"ह्यां तांबडा काय गो?"

मी सांगितलं. खोटं बोलायची सोय नव्हती, चार ठिकाणी तांबडं होतं.

"बरा झाला," आई म्हणाली. "वार्षिकात नापास झालंस तर शाळा बंद. माझ्याबरोबर भाकऱ्यो थापूक बस. बावीस ताटां मी एकटी किती दिवस वाढू?"

ती रागानं बोलली असती तर मी उलट बोलले असते. मी तशी तोंडाळच. पण ती दमून बोलली. तिच्या मनगटापर्यंत पीठ होतं आणि अंगठ्याला भाजल्याचा नवा फोड होता. मला एकदम समोर दिसलं की एप्रिल महिना आला की माझी वेणी वर बांधली जाणार आणि मी त्या परातीपुढं बसणार ती कायमची. मी रात्रभर रडले नाही वगैरे. पण सकाळी शाळेत मात्र बाईंसमोर भोकाड पसरलं.

भाषेच्या बाई गिरगावातून ट्रामनं यायच्या. पांढरी स्वच्छ साडी, पुणेरी बोलणं, आणि 'न' कुठला नि 'ण' कुठला ते कधी चुकायचं नाही. त्या म्हणाल्या, "रडतेस काय? समजलंय की नाही हे पाहायचं असेल तर दुसऱ्याला शिकवून पाहावं. रोज शाळेत होईल ते घरी कुणाला तरी शिकव. घरी कोण कोण असतं?"

"बावीस माणसं."

"अगं बाई! एवढं मोठं एकत्र कुटुंब?"

मी मान डोलावली. खाणावळ म्हणायची मला लाज वाटली, हे आज लिहिताना वाईट वाटतं.

त्याच संध्याकाळी मी पंगतीसमोर भाताचा टोप घेऊन उभी राहिले आणि जाहीर केलं, आजपासून नेम. आधी शब्द, मग वाढप. मी सांगेन त्या जातीचा शब्द ज्यानं त्यानं आपल्या भाषेत सांगायचा; सांगितला नाही तर भात नाही.

अकरा माणसं दिवसभर गिरणीत राबून आलेली. मला वाटलं, आता टोपासकट बाहेर काढतात. पण साताऱ्याकडचा एक पैलवान होता, तो मांडी ठोकून म्हणाला, "इच्यारा की मास्तरीणबाय!" आणि सगळे हसायला लागले. आईनं चुलीकडूनच बजावलं, "काय ता कर, पण भात निवाक देव नको."

पहिला दिवस नामाचा. काय भराभर नामं आली! बांगडा, भात, मिरची, मग गिरणीतले धोटा, भोंगा, मुकादम. मुकादमाच्या नावापुढं आणखी बरंच काही आलं, ते मी वहीत घेतलं नाही. सर्वनामाला मालवणीतून 'माका-तुका' आलं, पैलवानाचं 'म्या' आलं. एक तेलुगू विणकर होता, अंगानं किरकोळ, त्याचं 'नेनु' आलं. म्हणजे 'मी'. मी ते तीन रकान्यांत लिहून बाईंना दाखवलं. मला वाटलं बाई म्हणतील, ही असली अशुद्ध भाषा कशाला? त्यांनी चष्मा पुसून सगळे रकाने वरपासून खालपर्यंत वाचले. मग म्हणाल्या, "किती छान! तुझं 'माका' म्हणजे आपलं 'मला'. घर तेच, दार निराळं. आणखी आण."

मग काय, मला चेवच चढला.

विशेषणाचा दिवस तर मी मरेपर्यंत विसरणार नाही. मी म्हटलं, आज आईच्या साराला विशेषण द्यायचं. झणझणीत, फक्कड, चोख, झकास. एक झालं की एक. आई चुलीकडे तोंड करून बसली होती, पण तिचे कान लाल झालेले मला दिसले. लग्नाला पंधरा वर्षं झाली होती, कुणी तिला एवढं कधी म्हटलं नव्हतं. तेवढ्यात कोपऱ्यातून एकजण अवदसा आठवल्यासारखा बोलला, "पाणचट." आई डाव घेऊन उठली. त्यानं चट्कन सुधारून 'पातळसर' केलं तेव्हा कुठं त्याला वाढलं गेलं. आणि दुसऱ्या दिवशी प्रत्येकाच्या ताटात बांगड्याची एक तुकडी जास्त पडली, पाणचटवाल्याच्यासुद्धा.

संस्कृतचं मात्र घोडं अडलं होतं. 'राम' शब्द चालवायचा म्हणजे चोवीस रूपं, ती पंगतीत कोण सांगणार? पण आमच्यात एक मालवणी भजनी बुवा होते, शनिवारी चाळीत भजन करायचे. मी गॅलरीत बसून 'रामः रामौ रामाः' घोकत होते, ते ऐकून बुवांनी हात जोडले. त्यांना वाटलं, पोरीला देवाचं वेड लागलं. मी काही सांगायच्या आत त्यांनी टाळ काढले, चाल लावली, आणि 'रामेण रामाभ्यां रामैः' वर अख्खी पंगत गजर करायला लागली. खालच्या मजल्यावरची म्हातारी प्रसादाला वाटी घेऊन आली! पुढं मी बुवांना खरं काय ते सांगितलं. ते म्हणाले, "व्याकरण तर व्याकरण. नाव देवाचाच मां?" त्या चालीत ती चोवीस रूपं मला आजही येतात, आणि चाल सोडली तर एकही येत नाही.

आणि इंग्रजी! तिथं मला खरा उजेड पडला तो पैलवानामुळं. क्रियापदाचा दिवस होता. मी 'मी भात खातो' हे सगळ्यांकडून वदवून घेतलं. मालवणी झालं, हिंदी झालं. तेलुगू विणकर म्हणाला, "नेनु अन्नम् तिन्टानु." म्हणजे मी, भात, खातो. सगळ्यांचं खाणं शेवटी. मग मी इंग्रजी सांगितलं, "आय ईट राइस."

पैलवान घास हातात धरून विचारात पडला. "म्हंजी भाताच्या आधीच खाल्लं?"

"हो, त्यांच्यात तसंच."

"तरीच! आधी खायाचं आन् मग बगायचं काय हाय त्ये. दम म्हणून नाय इंग्रजाला. दीडशे वर्सं त्येच क्येलं की त्येनं आपल्या देशात!"

पंगत हसून लोळली. मला मात्र हसता हसता कळलं. सहा महिने बाई जे फळ्यावर सांगत होत्या ते लख्ख कळलं. इंग्रजीत वाक्य करताना क्रियापद उचलून पुढं आणून ठेवायचं, बस्स. त्यानंतर माझं इंग्रजी वाक्य चुकलं नाही. स्पेलिंगं चुकली, ती गोष्ट वेगळी.

या सगळ्यात एकच माणूस माझा नेम मोडायचा, तो म्हणजे वडील. ते दुसऱ्या पंगतीच्या टोकाला, बारावे म्हणून बसायचे आणि अत्यंत कमी बोलायचे. नामाच्या दिवशी मी विचारलं, ते म्हणाले, "बरं." सर्वनामाच्या दिवशी, "बरं." क्रियापदाच्या दिवशीही, "बरं." मी भडकायचे, हे उत्तर चूक आहे, भात नाही! मग आई ओरडायची, "वाढ गो, बापूस तो तुझो." आणि सगळे हसायचे.

ते मोर्च्यांचे दिवस होते. काळाचौकीपासून लालबागपर्यंत भिंती नि भिंती रंगल्या होत्या. मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे. मी ते भिंतीवरचं वाक्यही पंगतीत आणलं. यात सगळ्यात महत्त्वाचा शब्द कुठला? कुणी म्हणे मुंबई, कुणी म्हणे महाराष्ट्र. बुवा म्हणाले, "च." बाईंनी दुसऱ्या दिवशी सांगितलं, हो, च हे शब्दयोगी अव्यय, आणि बुवांना माझा नमस्कार सांग. तेलुगू विणकर सगळ्यांना धीर द्यायचा. "आमचा आंध्र झाला, तुमचा बी होनार!" तो प्रत्येक मोर्च्याला जायचा.

वार्षिक परीक्षेच्या आधीच्या आठवड्यात एक मोठा मोर्चा निघाला. गिरण्या बंद. बावीसच्या बावीस मेंबर गेले, वडीलही गेले. संध्याकाळी जेवणाची वेळ झाली तरी कुणी परतलं नाही. ट्राम बंद होत्या. चाळीत कुणीतरी येऊन सांगून गेलं, फोर्टात लाठ्या चालल्या, अश्रुधूर सोडला. आईनं नेहमीसारखा सगळा स्वयंपाक करून ठेवला होता. तिनं अकरा ताटं मांडली आणि भिंतीला टेकून बसली.

"पुस्तक घे," ती म्हणाली.

"काय करू पुस्तक घेऊन?" मी खेकसले. "मला काही आठवत नाहीये. उजळणी घ्यायला आहे कोण इथं?"

आई उठली. पहिल्या ताटापाशी गेली आणि त्याच्याकडं बोट करून म्हणाली, "हो पैलवान. नाम, तालीम. विशेषण, फक्कड. क्रियापद, उचल." अगदी पैलवानाच्या तोंडची बोली. मग दुसऱ्या ताटापाशी. "हे बुवा. नाम, टाळ. अव्यय, च." तिसऱ्यापाशी. "हो तेलुगू. नेनु. अन्नम्. तिन्टानु." सहा महिने ही बाई चुलीकडं तोंड करून भाकऱ्या भाजत होती आणि बावीस माणसांचा एकेक शब्द तिच्या डोक्यात जागच्या जागी होता! ती पंगतीतून वाढत गेल्यासारखी पुढं पुढं जात होती, न आलेल्या एकेकाचा शब्द त्याच्या ताटाशी ठेवत होती. मी मागोमाग सांगत होते, हे नाम, हे विशेषण, हे अव्यय. एकही चुकलं नाही. मग तिनं दुसरी पंगतही तशीच घेतली. शेवटी वडिलांची जागा आली. तिथं मात्र ती थांबली. एवढासा शब्द, पण तो तिच्या तोंडून बाहेर पडेना.

मी घाबरून काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, "आणि आई, तुझा शब्द कुठला?"

तिनं माझ्याकडं पाहिलं. "माका कधी इचारलंस?"

खरंच नव्हतं विचारलं. बावीस जणांना रोज विचारलं आणि हिला एकदाही नाही. ती पंगतीत बसायचीच नाही, सगळे उठल्यावर टोपातलं उरलेलं खायची. मला इतकी शरम वाटली की मान वर करवेना.

तेवढ्यात जिन्यात आवाज आला. बसलेल्या घशानं कुणीतरी घोषणा देत होतं. पैलवानाचा सदरा खांद्यापासून फाटलेला, तेलुगू विणकराच्या पायात एकच चप्पल, बुवांचे डोळे लालबुंद. पण सगळे आले. मी दारात उभी राहून मोजत होते. सगळ्यात शेवटी वडील. डोक्याला धुळीचं मुंडासं बांधल्यासारखे केस.

मी दार अडवलं. रडत होते, पण म्हटलं, "आधी शब्द!"

ते दमले होते. माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "बरं."

इतकं अचूक उत्तर मी आयुष्यात ऐकलं नाही. आईनं टोपाचं झाकण काढलं आणि वाफेत तोंड घातलं, बराच वेळ बाहेर काढलं नाही.

निकालाच्या दिवशी बाईंनी मला जवळ बोलावलं. "तुझे पेपर तपासताना मला भूक लागत होती," त्या म्हणाल्या. नाम, भात. विशेषण, पातळसर. समूहवाचक नाम, पंगत. चारही भाषांत पास. इंग्रजी काठावर, पण पास! मी लालबागपर्यंत धावत आले. त्या संध्याकाळी दोन पंगती एकदमच बसल्या, निम्मे खोलीत आणि निम्मे गॅलरीत, आणि सगळ्यांनी एकच गलका केला.

मी आईच्या हातातला डाव काढून घेतला आणि तिला वडिलांशेजारी पंगतीत बसवलं. ती "सोड गो, काय ह्यां" म्हणत होती, पण बसली. प्रगतिपुस्तक तिच्या मांडीवर होतं. ती त्याच्यात तांबडं शोधत होती आणि तिला सापडत नव्हतं. मी भाताचा टोप घेऊन तिच्यासमोर उभी राहिले.

"आधी शब्द, मग वाढप."

आईनं पुस्तक मिटलं, पदरानं पुसलं आणि माझ्या हातात परत दिलं.

"शिक," ती म्हणाली. "भाकऱ्यो मी थापतंय."

मी ताटाकडं न बघता तिच्याकडंच बघत वाढलं आणि निम्मा भात ताटाबाहेर पडला. "अगो, सांडलंस!" आई ओरडली, आणि सांडलेलं शीतन् शीत वेचून ताटात घेऊन जेवायला लागली.