मिठबावला कावळा शिवेपर्यंत

डिचोलीच्या आमच्या दारात आंब्याचा टेम्पो येऊन थांबला, तेव्हा मी संध्या आटोपून पळी-पंचपात्र पुसत होतो. टेम्पोच्या हौद्यातून जो उतरला त्याला पाहून गल्लीतल्या कुत्र्यांनी एकदम मौन धारण केले. कमरेपर्यंत तिशीचा दिसणारा, सावळा, दाट केसांचा पुरुष. कमरेखाली बिबट्याचे लांब ठिपकेदार शरीर, चार पंजे आणि एक अस्वस्थ शेपूट. वनराखणीसाठी मनुष्य आणि बिबटा यांची बीजे जुळवून प्रयोगशाळेत घडवलेल्या मार्जारनरांविषयी आपण सर्वांनी वाचलेले आहे. ती योजना गुंडाळली गेली तेव्हा त्यांची पिल्ले इच्छुक घरांत वाटली गेली. (पिल्ले म्हणावे की बालके, हे अद्याप कोणी ठरवलेले नाही.) माझा पाठशाळेतला सोबती पुरुषोत्तम निपुत्रिक होता. त्याने त्यांतले एक मिठबावला आणले आणि जावळ पाहून त्याचे नाव केशव ठेवले.

"काकानू, आबा गेले," केशव म्हणाला. "आज नववो दिस."

मी खाली बसलो. त्याने एक चिठ्ठी पुढे केली. पुरुषोत्तमाच्या वळणदार अक्षरांत दोनच वाक्ये होती: 'माझे पिंड केशवाने द्यावेत. शास्त्र तू बघ.' पाठशाळेतही हा गृहस्थ सूक्त अर्धे पाठ करी आणि उरलेले माझ्या भरवशावर सोडी. मरतानाही सवय सुटली नाही.

"अरे, कर्त्याने दहा दिवस घर सोडायचे नसते, एवढेही तुला ठाऊक नाही?"

"कर्तो कोण तांच ठरूक नाय मा? म्हणान इलंय," तो शांतपणे म्हणाला.

प्रवासाचा पहिला संताप तेथेच झाला. हकीकत अशी की गावच्या भटजींनी 'पोथीत बसत नाही' म्हणून हात वर केले होते. मुंबईहून आलेला पुतण्या सुहास पिंड देण्यास सिद्ध होता. केशवाला ते द्यायचे होते. दहावा दिवस उद्यावर आला होता.

मी पुढे चालक बाबलच्या शेजारी बसलो, केशव मागे पेंढ्यावर. सीमेवरच्या नाक्यावर टेम्पो अडवला गेला. तेथल्या कारकुनाने मार्जारनरांच्या वाहतुकीचा छापील फॉर्म काढला. वजन, लसीकरण, मालकाचे नाव.

"मालक?"

"नऊ दिवसांपूर्वी वारले," मी म्हणालो.

"मग हा बेवारस. सोडता यायचा नाही."

"गृहस्था, तो तुमच्यासमोर उभा आहे, बोलतो आहे. त्यालाच विचारा."

"गुरुजी, त्याला विचारायचा रकाना नाही."

अर्धा तास उन्हात वाद घातल्यावर 'तात्पुरता मालक' म्हणून माझी सही झाली. आयुष्यभर मी साधे मांजरही पाळले नाही. मागून केशव म्हणाला, "काकानू, आता माका दूध घालूक व्हया तुमका." बाबल इतका हसला की गाडी दोनदा बंद पडली.

सावंतवाडीला तलावाकाठी चहासाठी थांबलो, ही माझी चूक. क्षणात गर्दी जमली. लाकडी खेळण्यांच्या दुकानातली एक बाई बाहेर आली आणि केशवाला आपादमस्तक न्याहाळून म्हणाली, "मेल्या, बस मरे जरा! तुझ्यासारखो एक लाकडाचो करतंय." तो मुकाट्याने बसला. त्याच्याभोवती फोटो निघत राहिले आणि माझा चहा कोणीतरी पिऊन गेले. कोणाचाही राग न येणाऱ्या माणसाबरोबर प्रवास करणे फार कष्टाचे असते. सगळा राग दुसऱ्याला एकट्याने करावा लागतो.

कुडाळ मागे पडल्यावर मी मनाशी विचार करू लागलो. दत्तकाला पिंडाचा अधिकार आहे, यात शंका नाही. पण दत्तक हा मनुष्य असावा, हे शास्त्रकारांनी गृहीतच धरले असणार. बिबट्याचा प्रश्न त्यांच्यापुढे आला नव्हता. खरे सांगायचे तर माझ्या मनात नकारच होता. मग आचऱ्याच्या पुढे उजव्या हाताला माड आणि डाव्या हाताला समुद्र दिसू लागला, आणि मला एक तोड सुचली. त्या तोडीचा मला अभिमानही वाटला, हे येथे कबूल करतो.

मिठबावला दिवेलागणीला पोहोचलो. घरी सुतक, म्हणून शेजारून उकड्या तांदळाची पेज आली. तिच्याइतके सात्त्विक अन्न मी वर्षात खाल्ले नव्हते. हात धुऊन मी निर्णय सांगितला. "पिंड केशव देईल. कावळा शिवला, तर पुरुषोत्तमाला तो पुत्र म्हणून मान्य आहे. दुपारपर्यंत न शिवल्यास सुहास पिंड देईल, आणि त्यानंतर कोणी वाद घालणार नाही."

सुहास म्हणाला, "चालेल. काका, मला ह्याच्याविषयी वाईट काही म्हणायचं नाही. पण हे... हे बरोबर दिसत नाही." केशवाने फक्त मान हलवली. मला वाटले, त्याचा चेहरा उतरला; कारण मला सकाळी कळले.

सकाळी प्रथम हे कळले की तो माझ्या रेशमी सोवळ्यावर झोपला होता. ते झटकण्यात माझा अर्धा तास गेला, तरी केस निघाले नाहीत. त्याच सोवळ्याने मी किनाऱ्यावर गेलो. केशवाने स्नान केले, दर्भ घातला, आणि जे पुरुषोत्तम त्याला ओसरीवर शिकवून गेला होता ते मंत्र इतके शुद्ध म्हटले की माझा राग काही काळ विसरला गेला. पिंड मांडले. आम्ही मागे सरलो.

सुरूच्या झाडांवर पन्नासेक कावळे बसले होते. एकही खाली उतरेना. सगळे केशवाकडे पाहून कर्कश ओरडत होते.

"आबांची इच्छा रवली खंय तरी," गावातले एक वृद्ध म्हणाले.

"इच्छा खंयची?" बाबल म्हणाला. "बिबटो बसलो आसा थंय! कावळो येतलो कसो? माका सांगा, तुमी येतल्यात?"

चाळीस वर्षे अध्यापन केलेल्या माणसाच्या ध्यानात हे आदल्या रात्री आले नाही. केशवाच्या आले होते, आणि तरी तो बोलला नव्हता. निर्णय मोठ्या माणसाने दिला होता म्हणून. मी त्याला दूर जायला सांगितले. तो भिजल्या वाळूवर अगदी पाण्यापाशी जाऊन बसला. तरी कावळे उतरेनात. सुहासने हात जोडून मोठ्याने सांगितले की घर शाकारीन, कलमांना खत घालीन. कावळे ओरडतच राहिले. ऊन चढले, वाळू तापली, माझे पाय भाजू लागले.

शास्त्रात सोय आहे: दर्भाचा कावळा करून पिंडाला लावावा. मी तो करायला घेतला, आणि पाण्यापर्यंत चालत जाऊन केशवाला दाखवला.

"नको, काकानू," तो म्हणाला. "हातान घडवलेलो कावळो नको. हातान घडवलेलो मी एकटो पुरे."

मी दर्भ उलगडून वाळूत टाकला. मग, वाया गेलेल्या दर्भाचाही राग येऊन, जोरात विचारले, "अरे, पुरुषोत्तम तुझ्यावर कधी रागवायचा का? कशावरून?"

त्याने मान खाली घातली. "कावळ्यांवरसून."

"म्हणजे?"

"आबा जेवच्या आधी गडग्यार (दगडी कुंपणावर) काकबळी (कावळ्यासाठी काढलेला घास) ठेवीत. मी तुळशीमागे दडान ऱ्हवय आणि उडी मारय."

"रोज?"

"रोज. आंग ऱ्हवतच नाय, काकानू. आबा म्हणत, 'एक दिस तरी त्येंका सुखान जेवूक दी रे.'"

"तर मूर्खा, हे मला काय सांगतोस? त्याला सांग!"

तो चारही पायांवर उभा राहिला. किनाराभर ऐकू जाईल अशा आवाजात ओरडला, "आबानू! आजपासून मी कावळ्यांच्या पाठी लागूचंय नाय! कधीच नाय!" लोक हसले. सुहासही हसला. केशव मात्र समुद्राकडे तोंड करून पोटावर पसरला आणि स्वतःचे शेपूट त्याने दोन्ही हातांनी घट्ट धरले.

एक म्हातारा, पिसे झडलेला कावळा खाली आला. तिरप्या तिरप्या उड्या मारत पुढे झाला, थांबला, दूरच्या त्या ठिपकेदार पाठीकडे मान वाकडी करून पाहत राहिला. मग त्याने मधल्या पिंडाला चोच लावली. शब्द ऐकून आला की पाठ पाहून आला, हे मी ठरवणार नाही. मी नुसते हात जोडले.

हसणे थांबले होते. सुहास वाळू तुडवत पाण्यापर्यंत गेला आणि म्हणाला, "चल दादा, आंघोळ करून घेऊ."

तेरावे करून मी निघालो. केशव पोहोचवायला आला. नाक्यावर तोच कारकून, तोच फॉर्म. मी त्याच्या हातातले पेन घेतले, 'मालकाचे' हा शब्द खोडला, वर 'पित्याचे' असे लिहिले आणि पुढे पुरुषोत्तमाचे नाव घातले.

"गुरुजी, छापील फॉर्मवर खाडाखोड चालत नाही."

"पोथीत चालली," मी म्हणालो. "तुम्हीही चालवा." तो बराच वेळ त्या कागदाकडे पाहत बसला आणि शेवटी त्याने शिक्का मारला.

चाळीस वर्षे मी अधिकार शिकवला: कोणाला आहे, कोणाला नाही. अधिकार आपण काय सोडून देतो त्यावरही ठरतो, हे मला त्या पिसे झडलेल्या कावळ्याने दाखवले. हे मी केशवाला सांगणार होतो; पण तेवढ्यात टेम्पोच्या टपावर एक कावळा येऊन बसला. केशवाचे कान उभे राहिले, पाठीवरून एक लाट गेली, आणि त्याने घाईघाईने शेपूट हातात धरले.

"काकानू," तो दात दाबून म्हणाला, "ह्यां जल्मभर पाळूक व्हया?"

"जन्मभर."

त्याने कावळ्याकडे पाहिले, मग आभाळाकडे, आणि या साऱ्या प्रवासात पहिल्यांदाच वैतागून म्हणाला, "आबान फसवल्यान माका."