थंड पाण्यात हरवलेला दोर

मित्रहो, आज सकाळी नागपूरजवळच्या धरणात बुडी मारण्याआधी नेहमीसारखं पाणी कपाळाला लावलं. पाठीवर हवेची टाकी होती, हात मात्र उघडेच. अंदमानच्या कोमट समुद्रात वर्षानुवर्षं तसाच उतरलो. काठावरून ओढून इशारा देतात, तो दोर हातमोज्यांतून जाणवणार नाही, असं माझं ठाम मत होतं.

वर आलो तर काठावर दोर धरणारा भाऊराव घामाघूम झालेला.

"तीनदा ओढला गा! उत्तर काहून नाही देल्लं? मी तं तुले मेलाच समजलो!"

मला एकही ओढ जाणवली नव्हती. गारठ्यानं बोटं कधी बधिर झाली, तेही कळलं नाही. उघड्या हातालाच जास्त कळतं, असं मी का धरून बसलो होतो? तुमचंही असं कधी झालंय का?

दुपारी पुन्हा उतरलो. आधी पाणी कपाळाला लावलं, मग भाऊरावानं पुढे केलेले जाड हातमोजे घेऊन मुकाट्यानं चढवले.