लोणारचे दगड लोणारलाच राहू द्या

आईला विवरातल्या कमळजा देवीची ओटी भरायची होती आणि मला लोणारचं विवर पुन्हा पाहायचं होतं. पावसाळा सरल्यावर एका रविवारी आम्ही खामगावहून निघालो. जानेफळ, मेहकर, लोणार असा रस्ता. वाटेत खड्डे इतके, की विवर बघायला एवढ्या लांब जायची गरजच काय, असं वाटलं. जानेफळला गरम आलूबोंडे खाऊन घ्या, विवरात उतरल्यावर काही मिळत नाही. पाणी आणि चांगले बूट हवेतच.

काठावर उभं राहिलं की माणूस गप्प होतो. हजारो वर्षांपूर्वी आभाळातून एक दगड आला, बहुतेक वाफ होऊन गेला आणि आपल्या या काळ्या पाषाणात एवढी मोठी परात करून ठेवली. तिच्यापुढं आपली थोरवी म्हणजे चिल्लर. पण हा विचार धड पुरा होईना. शेजारी कोणीतरी फोनवर ढणढण गाणी लावली होती आणि खाली झाडीत चिप्सची पाकिटं लटकत होती. डोकं तिथंच तापलं.

आई बसत-उठत खाली उतरली. गुडघ्यांमुळं ही तिची शेवटचीच खेप होती. ती देवळात गेली, मी बाहेर थांबलो. तिथं एक गृहस्थ दोऱ्याला चुंबक बांधून दगड तपासत होते. चिकटला की पिशवीत.

“काऊन उचलून राह्यले हो दगड?”

“उल्केचे आहेत. मित्रांना द्यायला. इथं एवढे पडलेत, दोन-चार नेल्यानं काय फरक पडतो?”

“सगळ्यांनी नेले तर इथं काय उरन? चोरी हाय ही, चोरी!”

लोक जमले. पिशवी रिकामी करायला लावूनच मी त्यांना सोडलं. आई पायरीवरून सगळं पाहत होती. चढताना तिची पिशवी घ्यायला गेलो, तर म्हणाली, “राहू दे, हलकी हाय.”

दुसऱ्या दिवशी आमच्या देवघरात हळदकुंकू लावलेला काळा दगड! फ्रिजवरचं चुंबक काढून लावलं. चटकन चिकटलं.

“आई, हा काऊन आणला व?”

“देवीच्या दारचा हाय. मले आता तिच्याकडं जाणं होत नाही, म्हून तिलेच घरी आणलं.”

“अन् मी त्या माणसाले चोर म्हनलं तवा?”

“तू लय भांडून राह्यला होता. मी काय बोलू?”

संताप संताप झाला. भक्तीनं नेला काय आणि हौसेनं नेला काय, विवरातला दगड कमी झाला तो झालाच. तसं मी तिला सुनावलंही. आजच परत ठेवून येतो म्हणालो.

“पुजलेला देव असा एकट्यानं नेत नसतेत,” आई शांतपणे म्हणाली. “मी येते संगं. गुडघे बरे झाले की जाऊ.”

तेव्हा लोणारला जरूर जा, पण तिथला खडासुद्धा उचलू नका. आमचा दगड अजून देवघरातच आहे. गुडघे बरे व्हावेत म्हणून आई रोज त्यालाच हात जोडते.