दोन लाव्हांमधली माती

घाटात दरड हटवायचं काम चालू होतं, म्हणून गाड्या थांबल्या होत्या. भूशास्त्र शिकवणारी माझी मुलगी मीरा उतरून कातळाच्या भिंतीपाशी गेली. काळ्या थरांमधली लाल पट्टी तिने मला दाखवली.

"बाबा, खालचा लाव्हा थंड होऊन दगड झाला. मग खूप काळ नवा लाव्हा आलाच नाही."

"म्हणजे काहीच झालं नाही?"

"असं कसं? ऊनपावसाने त्याच दगडाची माती झाली. पुढचा लाव्हा वरून वाहिला, तेव्हा ती विटेसारखी भाजली."

एवढा सह्याद्री नुसत्या आगीने उभा राहिला नाही. मधेमधे तो थांबलाही होता. माझ्या हट्टापायी घेतलेलं इंजिनिअरिंग सोडून मीरा वर्षभर घरी होती. ते वर्ष मी वाया गेलेलं धरलं, लोकांपासून लपवलं. त्याच वर्षी ती एकटी टेकड्या हिंडून ओढणीत खडे बांधून आणायची.

मागच्या ट्रकचे ड्रायव्हर ऐकत उभे होते. "साहेब, ताई कोण तुमच्या?"

"मुलगी माझी!" म्हणालो, आणि त्यांनी न विचारताच तिची सगळी हकिकत सांगत सुटलो.

"बाबा, पुरे की!" मीरा लाजली.

पण सुरुवात मी तिने घरी काढलेल्या त्या वर्षापासूनच केली होती.