तारीख नीट लिहा, वहिनी

ईशान, मीरा, रविवारी फोनवर तुम्ही विचारलंत, "आजी, ते तारीख विचारणारे वरचे काका कुठे आहेत?" ते बिदरला बहिणीकडे राहायला गेले, कायमचे. वरच्या मजल्यावर पाहुणे यावेत तशी कबुतरं येऊन बसली आहेत. म्हणून हे आत्ताच लिहिते, नाहीतर तुम्हाला काकांचा नुसता चष्मा आठवेल.

साऱ्या हैदराबादेत वेळ मनावर घेणारा मी एकच माणूस पाहिला, आणि तो नेमका आमच्या मलकपेठेच्या घरात भाड्याने राहत होता. काका एका कंपनीत प्रोग्राम लिहीत. लोकांनी मनाला येईल तशी लिहिलेली तारीख यंत्राला कळेल अशी वाचून घ्यायची, एवढंच काम, आणि त्यात त्यांचा जन्म गेला. कोणी आधी दिवस लिहितो, कोणी आधी महिना. कोणी 'बारा वाजता' लिहून दुपार की रात्र ते सांगत नाही. त्यांचा नियम एकच. "वहिनी, अंदाज करायचा नाही. कळलं नाही तर प्रोग्रामनं सरळ 'कळलं नाही' म्हणावं. चुकीची तारीख गुपचूप गिळणारा प्रोग्राम म्हणजे दुखणं लपवणारा रोगी."

हा नियम कचेरीत ठेवून घरी येणं त्यांना कधी जमलं नाही. लग्नपत्रिकेत 'गोरज मुहूर्त' वाचला, तर थेट वधूपित्याला फोन करून मिनिटं विचारली. "संध्याकाळी चहाला या," म्हटलं की जिन्यातून हाक यायची, "संध्याकाळी म्हणजे?" एकदा मी वैतागून "दिवेलागणीला" म्हटलं. त्या दिवशी नेमकी वीज गेलेली. काका अंधारात जिन्यात उभे, दिवा लागायची वाट पाहत. चहा निवून गेला. पंखा दुरुस्त करणाऱ्या आमच्या वाजिदभाईंशी तर त्यांचं हाडवैर होतं. "परसोंच तो बनाया था मैं ये पंखा," वाजिदभाई म्हणायचे, आणि तो परसों गेल्या उन्हाळ्यातला असायचा. काका डायरी उघडून म्हणायचे, "कौनसा परसों? तारीख बोलो." "तारीख कायकू साब? पंखा है, मुकदमा नक्को!"

आणि मग मीरा, तुझा तो निरोप आला. आईच्या फोनवरून लपून तू लिहिलंस, 'आजी, आम्ही 05/06 ला येतोय. सरप्राइज आहे, मी सांगितलं हे कुणाला सांगू नको.' मी आनंदाने जिना चढले. काकांनी चष्मा पुसला.

"पाच जून की सहा मे?"

तुम्ही लंडन सोडून नुकतेच शिकागोला गेला होतात. लंडनची, आधी दिवस लिहायची सवय असेल तर जून; नव्या शाळेची, आधी महिना लिहायची असेल तर मे. आणि मेच्या सुरुवातीला मला पुण्याला जायचं होतं, बहिणीच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. इतक्या लांबून येऊन तुम्ही कुलूप पाहाल, या विचारानेच मला बसवेना.

"विचारते तिला."

"उत्तर जाणार आईच्या फोनवर. पोरीचं गुपित फुटेल."

"मग जूनच असेल हो, भाऊजी."

"असेल? वहिनी, अंदाज करायचा नाही. तुम्ही पुण्याला जा. किल्ली माझ्याकडे द्या."

परत आले तर फ्रिजमध्ये पातेलंभर खट्टी दाल. ज्या माणसाने जन्मात चहापलीकडे काही उकळलं नव्हतं, त्याने ती तुमच्यासाठी केली होती. शेजारीण म्हणाली, सहा मेला सकाळपासून काका फाटकाशी खुर्ची टाकून, किल्ली मुठीत धरून बसले होते. जेवायलासुद्धा उठले नाहीत. मी काही विचारायच्या आत तेच म्हणाले, "मे तपासून झाला. आता जूनच उरला."

पाच जूनला तुमची टॅक्सी आली, तेव्हा ते पुन्हा त्याच खुर्चीवर, आणि आत पुन्हा पातेलंभर ताजी दाल. "अरे वा! अगदीच अचानक!" म्हणाले, आणि इतकं वाईट सोंग मी दुसरं पाहिलं नाही. न कळवता आलो तरी सगळ्यांना पुरेल एवढी दाल कशी तयार होती, हे तुमच्या बाबांना अजून कळलेलं नाही.

बिदरला जाताना काकांनी माझ्या फोनवर एक प्रोग्राम घालून दिला. कोणाचाही निरोप त्यात टाकला की तो त्यातली तारीख शोधून कॅलेंडरवर खूण करतो. "मी नसलो तरी हा विचारेल," म्हणाले, आणि जिन्याकडे न बघता रिक्षात बसले.

काल मी त्यात तुमचा 'लवकरच येऊ' हा निरोप टाकला. प्रोग्राम चालू आहे. 'कळलं नाही. तारीख लिहा,' असं तो अजून म्हणतो.