ओळ सोडायची नाही

आदरणीय सिस्टर अगाथा यांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या संतापलेल्या होत्या. अकरावीच्या प्रवेशाचे दिवस होते. मुलाखतीसाठी आलेले पालक कॉलेजच्या फाटकापाशी उन्हात ताटकळत होते आणि सिस्टर शिपायाला विचारत होत्या, "ही माणसं काय वाळत घातलीत का रे?" आवारात गार जागा म्हणजे चॅपल, सिस्टरांचं छोटं प्रार्थनाघर. त्यांनी सगळ्यांना तिथं नेऊन बसवायला सांगितलं. सगळे गेले. माझे वडील गेले नाहीत. त्यामुळे मीही गेले नाही, आणि भिंतीच्या वीतभर सावलीत आम्ही दोघं उभे राहिलो.

"दादा, तुम्ही का उन्हात?" सिस्टरांनी जवळ येऊन विचारलं.

"मी हितं बरा हाय," अण्णा म्हणाले.

सिस्टरांनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. थोड्या वेळानं शिपाई दोन खुर्च्या आणि पाण्याचा तांब्या घेऊन आला.

माझे वडील, म्हणजे अण्णा, तेव्हा देवगाव रंगारीला वीज मंडळात वायरमन होते. आमच्या घरात धम्मदीक्षा आजोबांपासूनची, आणि अण्णा त्या बाबतीत भलतेच कडक. बावीस प्रतिज्ञा नुसत्या भिंतीवर लावायच्या नसतात, असं ते येता-जाता ऐकवत. लग्नपत्रिकेवर देवाचं चित्र असलं तरी ते लग्नाला जायचे, आहेरही करायचे, पण ती पत्रिका घरात ठेवायचे नाहीत. अशा माणसाची मुलगी सिस्टर लोकांच्या कॉलेजात कशाला, असं भावकीतल्या पुष्कळांनी विचारलं होतं. कारण साधं होतं. मला विज्ञान शिकायचं होतं. आणि शहरात ठेवायची तर सिस्टरांच्या वसतिगृहातच ठेवायची, नाही तर गावाजवळ आर्ट्सला घालायची, असं आईनं ठरवून टाकलं होतं. म्हणजे माझं सगळं त्या एका मुलाखतीवर लटकलेलं, आणि अण्णांच्या तोंडाचा मला काडीचाही भरवसा नव्हता.

झालंही तसंच. सिस्टरच प्राचार्या. त्यांच्या खोलीत टेबलापलीकडे त्या आणि शेजारी उपप्राचार्य सर. माझे गुण वगैरे बोलून झालं, सर माझ्या कागदांवर सही करणार, तेवढ्यात अण्णा म्हणाले, "बाई, एक सांगायचंय. आमची पोरगी देवापुढं हात जोडणार नाय. तुमची सकाळची प्रार्थना म्हणणार नाय. चालत असंल तर घ्या, नाय तर आम्ही निघतो."

सर भले माणूस होते. त्यांनी लगेच तोडगा काढला, "काही अडचण नाही. प्रार्थनेच्या वेळी ती ग्रंथालयात बसेल."

"नाही," सिस्टर म्हणाल्या. "ती ओळीतच उभी राहील."

अण्णा खुर्चीवरून अर्धे उठले. सिस्टरांनी त्यांना हातानंच थांबवलं, आणि तोवरची त्यांची कॉलेजातली भाषा एकदम गावाकडची झाली. "ऐका दादा. मी वैजापूरकडची. आमच्या वडलांना गावच्या शाळेत ओळीत बसू देत नव्हते. बाहेर पायरीवर बसवायचे. पाऊस आला तर पाटी पोटाशी धरून तिथंच. मग आजोबांनी त्यांना फादरांच्या शाळेत नेऊन घातलं. तुमच्या आजोबांनी, वडलांनी दुसरी वाट धरली. पायरी तीच होती. म्हणून सांगते, तिनं हात जोडू नयेत, तोंडानं काही म्हणू नये. हात खाली ठेवावेत. पण ओळ सोडायची नाही. मी कुणालाच ओळीबाहेर बसवणार नाय."

अण्णा पुन्हा खुर्चीवर टेकले. म्हणाले, "ह्ये चालंल."

बाहेर आल्यावर मला म्हणाले, "बाई खरं बोलती." अण्णांकडून एवढी स्तुती मी त्याआधी कुणाची ऐकली नव्हती. त्याच दिवशी शहागंजच्या बाजारात जाऊन आम्ही गणवेशाचं पांढरं कापड घेतलं.

पुढची दोन वर्षं रोज सकाळी मी ओळीत हात खाली सोडून उभी राहिले. पहिले काही दिवस माना वळायच्या. मला वाटायचं, जमिनीनं पोटात घ्यावं. माझ्या शेजारी उभी राहणारी शहागंजची नाझनीन एकदा कानात पुटपुटली, "अगं, तू इतकी काय घाबरती? मैं तो दिल में अपनी वाली पढ़ लेती हूँ, किसको क्या पता!" मी तिला सांगितलं की माझ्याकडे मनात म्हणायलाही काही नाही. "मग नुसती उभी राहा की बाई," ती म्हणाली. सिस्टर समोरच्या ओट्यावरून सगळ्यांना बघायच्या. माझ्यावरून त्यांची नजर इतरांसारखीच पुढं जायची, न थांबता. या गोष्टीची किंमत मला तेव्हा कळली नव्हती. आज मी त्याच कॉलेजात जीवशास्त्र शिकवते, समोर ओळी असतात, आणि नजर न थांबवणं किती अवघड असतं ते रोज अनुभवते.

सिस्टरांच्या अध्यापनाविषयी या गौरवग्रंथात अधिकारी व्यक्ती लिहितीलच. मी मराठी माध्यमातून आलेल्या पोरींच्या बाजूनं सांगते. जीवशास्त्र सिस्टर स्वतः शिकवत. इंग्रजी पुस्तक उघडलं की आमची बोबडी वळायची. सिस्टरांचा नियम असा, की आधी घरच्या बोलीत सांगायचं. "कळलं असंल तर इंग्रजी येतंय मागनं," त्या म्हणायच्या. हृदयाच्या झडपा शिकवल्या त्या दिवशी त्यांनी मला उभं केलं. मी घाबरत म्हटलं, "विहिरीवरच्या मोटारीला खाली फूटव्हॉल्व्ह असतो तसं. वर चढलेलं पाणी माघारी येऊ देत नाही." वर्ग हसला. सिस्टर हसल्या नाहीत. त्यांनी मला फळ्यापाशी बोलावलं, मोटार काढायला लावली, शेजारी हृदय काढायला लावलं, आणि मग म्हणाल्या, "आता हसा कुणाला हसायचंय त्यांनी." तो धडा मी आजही तसाच शिकवते.

त्या रागीट होत्या, हे गौरवग्रंथात लिहावं की नाही मला ठाऊक नाही. पण नाही लिहिलं तर त्यांना ओळखणारा कुणी यावर विश्वास ठेवणार नाही. मळका ॲप्रन, अर्धवट पुसलेला फळा, ताटात टाकलेलं अन्न यांवरून त्यांनी आम्हांला असं झापलंय की बोलायची सोय नाही. आणि मला कावीळ झाली तेव्हा याच सिस्टर रोज स्वतः मऊ भात करून आणत आणि मी संपवीपर्यंत कॉटशेजारून हलत नसत. भाताला चव नसायची. तसं म्हणायची माझी हिंमत नव्हती.

एक प्रसंग मात्र सविस्तर सांगायला हवा. बारावीची परीक्षा तोंडावर आली होती. भौतिकशास्त्रात माझी दाणादाण उडालेली, सराव परीक्षेत मी नापास. मेडिकल, इंजिनिअरिंग राहू दे, बारावी तरी पार पडते का, अशी गत. मैत्रिणी संध्याकाळी चॅपलमध्ये मेणबत्त्या लावून येत. एके सकाळी प्रार्थना सुरू झाली आणि माझे हात आपोआप जुळले. सिस्टरांची नजर त्या दिवशी पहिल्यांदा माझ्यावर थांबली.

त्यांनी मला खोलीत बोलावलं. मला वाटलं, आता शाबासकी मिळणार.

"आज हात का जोडलेस?"

"भीती वाटते, सिस्टर."

"मनापासून वाटलं म्हणून जोडलेस, का भीतीनं?"

"भीतीनं."

"सुजाता, तू प्रार्थना करत नाहीस याचं मला वाईट वाटतं. खोटं कशाला बोलू? मला जे लई प्रिय आहे ते तुला नको, तर वाईट वाटणारच. उद्या तुझ्या मनानं तुला यावंसं वाटलं तर माझ्याइतका आनंद कुणाला होणार नाही. पण भीतीनं नको. तुझ्या बापानं तुला माझ्या भरवशावर इथं ठेवलंय. भीती फिजिक्सची आहे ना? मग फिजिक्सचं पुस्तक आण."

त्या दिवसापासून परीक्षेपर्यंत उपप्राचार्य सरांनी मला आणि आणखी काही मुलींना जादा वेळ फिजिक्स शिकवलं, सिस्टरांच्या सांगण्यावरून आणि सिस्टरांच्या खोलीत. त्या समोर आपलं काम करत बसत. मी पास झाले. दुसऱ्याच्या श्रद्धेचा मान राखावा, असं भाषणात पुष्कळजण सांगतात. स्वतःच्या मनाविरुद्ध जाऊन तो राखलेला मी त्या सकाळी पाहिला.

दोन वर्षांपूर्वी सिस्टरांच्या हृदयाची झडप निकामी झाली आणि शस्त्रक्रिया ठरली. मी आता शहरातच, उस्मानपुऱ्यात राहते. अण्णा निवृत्त झाल्यापासून माझ्याकडेच असतात. आदल्या दिवशी आम्ही दोघं भेटायला गेलो. सिस्टर थकल्या होत्या, पण जीभ शाबूत होती. "दादा, तुमच्या पोरीचा फूटव्हॉल्व्ह गळाया लागला बघा."

"बदलला की पाणी धरतंय, बाई," अण्णा म्हणाले. "काय होत नाय." खोलीबाहेर आल्यावर मात्र ते जिन्याच्या पहिल्याच पायरीवर बसले.

शस्त्रक्रियेच्या वेळी बाहेरच्या बोळात सात-आठ सिस्टर होत्या. बऱ्याच वेळानं एक परिचारिका घाईनं बाहेर आली, रक्ताच्या पिशव्यांविषयी काही बोलली आणि तशीच आत गेली. सगळ्यांचे चेहरे उतरले. त्या सगळ्या सिस्टर उठून भिंतीलगत एका ओळीत उभ्या राहिल्या आणि प्रार्थना म्हणू लागल्या. मी त्यांच्यात जाऊन उभी राहिले, नेहमीसारखी. अण्णा दुसऱ्या टोकाला बाकावर बसले होते. चॅपलच्या सावलीतसुद्धा न गेलेला माणूस. ते उठले, काठी बाकाला टेकवून ठेवली, आणि हळूहळू चालत येऊन ओळीच्या शेवटी उभे राहिले. हात खाली. तोंड मिटलेलं. एका तरुण सिस्टरनं सरकून त्यांना जागा दिली. डॉक्टर बाहेर येऊन सगळं ठीक आहे म्हणेपर्यंत ते तिथून हलले नाहीत. बसा म्हटलं तर ऐकेनात.

"वळ सोडायची नाय म्हणली होती ना बाई," एवढंच म्हणाले.

सिस्टर अगाथा शुद्धीवर आल्यावर मी त्यांना हे सांगितलं. त्यांनी डोळे मिटून ऐकलं. मग क्षीण आवाजात विचारलं, "हात जोडले का त्यांनी?"

"नाही."

"बरं झालं. जोडले असते तर मला वाटलं असतं, मी गेलेच." असं म्हणून त्या हसल्या, आणि हसता हसता त्यांचे डोळे वाहायला लागले. माझेही.

आता सिस्टर पंचाहत्तर वर्षांच्या झाल्या आहेत. अशा लेखाच्या शेवटी देवाकडे दीर्घायुष्य मागायचं असतं, आणि संपादक मंडळातल्या एका सरांनी फोनवर मला तशी आठवणही करून दिली. सिस्टरांसाठी मागणारे खूप आहेत, आणि त्यांचं मागणं फळाला यावं असं मला अगदी आतून वाटतं. मला स्वतःला ते करता येत नाही, आणि सिस्टरांवरच्या लेखात तर खोटं मुळीच लिहिता येणार नाही.

सिस्टर, तुम्ही पुष्कळ जगा. गोळ्या चुकवू नका, मीठ कमी खा, आमच्यावर ओरडण्याइतकी ताकद अंगात राहू द्या. तुमच्या सत्काराच्या दिवशी सगळे तुमच्यासाठी प्रार्थना करतील तेव्हा मागच्या बाजूला बघा. अण्णा आणि मी तिथं असू, हात खाली सोडून, ओळीत.